जाऊबाईंच्या नवऱ्याचे डोळे

सन १८६४, श्रावण वद्य तृतीया, रविवार. दुपारी मी दारात वाकवाची पानं चिरत बसले होते. वाकवा म्हणजे आपल्या केतकीचंच इकडचं भावंड. पानांच्या कडेचे काटे सुरीनं काढायचे, एकसारख्या पट्ट्या चिरायच्या, वाळवायच्या आणि त्यांच्या पिशव्या विणायच्या. कोठीची, म्हणजे आम्ही राबतो त्या उसाच्या मळ्याची, साखर त्याच पिशव्यांतून बंदरावर जाते. हाताला काम असलं की डोकं थंड राहतं म्हणतात. माझं राहत नव्हतं, कारण समोरच्या ओट्यावर भावोजी बसले होते आणि वस्तीतल्या बायका त्यांच्याकडून सुया ओवून घेत होत्या.

भावोजी म्हणजे काही माझ्या नवऱ्याचे सख्खे भाऊ नव्हेत. मुंबईहून आम्ही दोन्ही जोडपी एकाच जहाजानं मॉरिशसला आलो. एका जहाजातून उतरलेले पुरुष ते जहाजभाऊ, आणि इथे ते नातं रक्ताच्या बरोबरीनं पाळतात. त्यामुळे भावोजींची बायको माझी जाऊ झाली. नातं लागलं तसं त्या नात्यातलं बाकीचंही लागलं. कोठीनं आम्हाला खोल्याही समोरासमोर दिल्या.

भावोजी साठीला आलेले. माझे यजमान त्यांच्याहून वर्षा-दोन वर्षांनी धाकटे, पण शेजारी उभे केले तर कुणीही उलटं सांगितलं असतं. भावोजी गावाकडे तालमीत वाढलेले. इथे आल्यावर दिवसभर ऊस तोडूनसुद्धा त्यांनी व्यायाम सोडला नाही. पहाटे भोंग्याआधी उठून अंगणात जोर काढायचे, बैठका मारायच्या, मग चिंचेच्या लाकडाचे मुद्गल फिरवायचे. त्यांच्या मुद्गलांची घूं घूं ऐकून मी उठायची आणि उठल्या उठल्या माझं तोंड कडू व्हायचं. कारण माझ्याकडे तेव्हा यजमान कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेत असायचे.

पाठ ताठ असणं मी एक वेळ सोसलं असतं. पण भावोजींना साठीत सुई ओवता यायची. आमच्या वस्तीत डोळे चांगले की वाईट हे एकाच गोष्टीवरून ठरायचं, सुई ओवते की नाही. चाळिशी उलटली की बायकांना पोरांना हाका माराव्या लागतात. मलाही मारायला लागल्या होत्या. आणि हा गडी ओट्यावर मांडी घालून बसायचा, सुई नाकाशी धरायचा, दोरा तोंडात ओला करायचा आणि बायका बोलत असताना गप्पकन ओवून द्यायचा. आमच्यावरचा मुकादम, त्याला इथे सरदार म्हणतात, मूळचा हिंदुस्थानातल्या पूर्वेकडचा, पण आमच्याशी बेटावरच्या क्रेओल बोलीत बोलायचा. तो एकदा बघून म्हणाला, "बों लिझ्ये." चांगले डोळे. तेव्हापासून पोरं भावोजींना लिझ्येच म्हणू लागली.

भावोजी सांगायचे, अंगात रग ठेवली की डोळ्यात ज्योत राहते. आणि जाऊबाई मान हलवायच्या, जणू त्या ज्योतीत तेल त्या स्वतः घालत होत्या.

आमच्याकडे उलटा प्रकार. यजमान सुई हातभर लांब धरायचे, मान मागे न्यायचे, आणि दोरा भलतीकडेच जायचा. "हात अजून लांब असता तर जमलं असतं," असं म्हणून स्वतःच हसायचे. मला हसू यायचं नाही. लांबचं मात्र त्यांना दिसायचं. दारात चिलीम ओढत बसले की सांगायचे, खडकाच्या पलीकडून शीड चाललंय, त्याला ठिगळ आहे. किंवा उतारावरची ती काळी शेळी कुणाची ते. मी म्हणायची, लांबचं दिसून काय करायचंय, भाकरी जवळ असते. कुणीच ते डोळ्यांच्या खात्यावर धरत नव्हतं. मीसुद्धा.

हे सगळं नुसत्या कुरबुरीवर राहिलं असतं, पण आषाढात टेकडीवरचा राखणदार वारला. ब्रीझे वेर्दिएर गावाच्या वाटेवर, कोठीच्या मागे ती टेकडी आहे. वर एक खोपटं. तोडणीच्या दिवसांत तिथे बसून चारी बाजूंच्या उसावर नजर ठेवायची आणि धूर दिसला की शंख फुंकायचा. आग लागलेला फड घटकाभरात जातो, म्हणून कोठीचा गोरा साहेब त्या जागेला जपायचा. बसून करायचं काम, आणि खोपट्याबरोबर भाजीपुरती जमीन.

यजमानांना ती जागा मिळणं भाग होतं. गुडघे गेल्यामुळे फडात ते मागे पडायचे, आणि सरदारानं दोनदा बजावलं होतं की या तोडणीनंतर त्यांचं नाव राहणार नाही. नाव नाही तर खोली नाही. आणि काम नसलेला, खोली नसलेला म्हातारा रस्त्यावर दिसला की शिपाई त्याला धरून नेतात. वस्तीतल्या एकाला तसा नेलेला आम्ही पाहिला होता. भावोजींचं तसं नव्हतं. ते अजून पोरांच्या बरोबरीनं तोडायचे. पण वस्ती म्हणाली, राखणीला डोळे लागतात, आणि डोळे तर लिझ्येचे.

मग मी यजमानांच्या डोळ्यांच्या मागे लागले. भावोजींचे व्यायामानं राहिले तर ह्यांचे व्यायामानं सुधारतील, असा माझा सरळ हिशेब. पहाटे त्यांना उठवून नमस्कार घालायला लावले. चौथ्या दिवशी ते वाकले ते वर येईनात. पाठीत उसण भरली होती. मी तेल गरम करत होते तेवढ्यात भावोजी मुद्गल टाकून धावत आले, ह्यांना पालथं घातलं आणि गुडघा लावून पाठ मोकळी केली. वर मला म्हणाले, "वहिनी, वीस वर्षांचं काम आठवड्यात होत नाही." ते बरोबर बोलत होते, म्हणून जास्त झोंबलं.

व्यायाम सोडून मी तळपायांवर आले. पायाच्या तळव्याला तूप लावून काशाच्या वाटीनं घासलं की डोळ्यांतली उष्णता उतरते, हे माझ्या आईचं. पण आख्ख्या वस्तीत काशाची वाटी एकच होती, आणि ती जाऊबाईंनी माहेरून आणलेली. मी मागायला गेले. माझ्याच पायांची आग होते म्हणून सांगितलं. त्यांनी वाटी फडक्यानं पुसून दिली आणि काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर एक बाई मला म्हणाली, "काय गं, तुझे पाय घासल्यावर त्यांना सुई दिसायला लागली का?"

सरदारानं निकाल मागच्या रविवारी सगळ्यांदेखत लावला. कोठीच्या अंगणात दोघांना समोर उभं केलं, एका बाईकडून सुई-दोरा घेतला आणि म्हणाला, ओवा. भावोजींनी सुई नाकाशी नेली आणि लगेच ओवून परत केली. यजमानांनी हात लांब केला, अंगठ्यात टोचून घेतलं, दोऱ्यावर रक्त लागलं. लोक हसले. यजमानही हसले. मी तिथून निघून आले. भावोजींनी पुढच्या सोमवारपासून टेकडीवर जायचं ठरलं.

तो सोमवार उद्यावर आला होता, आणि मी पानं चिरत होते.

बायका गेल्यावर भावोजी फेरी मारायला म्हणून वाटेनं खाली गेले. थोड्या वेळानं मी पट्ट्यांचा भारा घेऊन ओढ्याकडे निघाले. भावोजी समोरून येत होते. अंतर फार नव्हतं; मला त्यांच्या मुंडाशाचा पीळ दिसत होता. तिथूनच त्यांनी मला हाक मारली. "अगं ए, तो भारा कशाला उचललास? कमरेचं काय ते लक्षात आहे ना?"

मी थबकले. मला अगं-तुगं करायची भावोजींची टाप नव्हती. ते आणखी जवळ आले, डोळे बारीक केले, आणि एकदम ओशाळले. "वहिनी, तुम्ही होय. मला वाटलं, घरचीच." जाऊबाई माझ्याहून वीतभर बुटक्या आणि अंगानं चांगल्या दुप्पट. त्या दिवशी त्यांनी हिरवं नेसलं होतं, मी तांबडं.

भावोजी पुढे गेले. मी तिथेच उभी राहून मागून बघत राहिले. वाटेत एक वासरू बसलं होतं. ते त्याच्यावर जवळजवळ आदळले आणि मग हसून त्याच्या पाठीवर थाप मारली.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा घास गोड लागावा तसं वाटलं. ह्या माणसाला लांबचं दिसत नाही. वासरू दिसत नाही, त्याला धूर काय दिसणार? ओढ्यावर पट्ट्या भिजवताना मी सरदाराशी काय बोलायचं ते जुळवत होते. सकाळी हजेरीला जाऊन सगळ्यांदेखत सांगायचं, जसा निकाल सगळ्यांदेखत लागला तसं.

दिवेलागणीला जाऊबाई आमच्या दारात आल्या. बरोबर भावोजी. जाऊबाईंच्या मुठीत काहीतरी होतं. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"ह्यांची दृष्ट काढायचीय," त्या म्हणाल्या. "तुम्ही काढा."

मी म्हटलं, तुम्हालाही काढता येते की.

"ज्याची लागली त्यानं काढलेली बरी."

"वस्ती म्हणते का तसं?"

"मी म्हणते."

यजमान चिलीम घेऊन उठले आणि भिंतीकडे तोंड करून राहिले. भावोजी म्हणाले, हिला काही सांगून उपयोग नाही वहिनी, एकदाचं उरकून टाका. मला राग यायला हवा होता; आला नाही. जाऊबाई बोलल्या ते खरंच होतं. त्यांच्या नवऱ्याच्या डोळ्यांकडे माझ्याइतकं कुणी बघितलं नव्हतं, त्यांनीसुद्धा.

जाऊबाईंनी मूठ उघडली. मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या. मी भावोजींना पाटावर बसवलं, पूर्वेकडे तोंड करून. मूठ ओवाळली, आल्यागेल्याची, पाहुण्यापरक्याची, पशुपाखराची म्हटली, आणि घरच्या माणसांची म्हणताना जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. तेही मी मोठ्यानं म्हटलं. मग सगळं चुलीतल्या निखाऱ्यावर टाकलं.

दृष्ट लागलेली असली की मिरच्यांचा ठसका येत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही चौघं चुलीकडे बघत होतो. आधी मोहऱ्या तडतडल्या. मग मिरच्या पेटल्या, आणि असा खाट उठला की यजमान चिलीम टाकून बाहेर पळाले. भावोजी खोकत त्यांच्यामागे. शेजारच्या खोलीतून शिव्या आल्या. मी पदर तोंडावर धरला तरी डोळ्यांतून धारा.

म्हणजे दृष्ट नव्हती. माझी नव्हती, कुणाचीच नव्हती. मी सुटले.

जाऊबाई आतच उभ्या होत्या. खोकत नव्हत्या, पण डोळे पुसत होत्या, आणि ते मिरच्यांनी नव्हतं. खाली बसल्या. बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "मग डोळेच गेले म्हणायचे."

त्यांना माहीत होतं. विहिरीपलीकडचा माणूस भावोजींना ओळखू येईना, याला वर्ष झालं होतं. दिव्याभोवती त्यांना रिंगण दिसायचं. स्वतः भावोजी म्हणायचे, इकडची हवाच धुक्याची. जाऊबाईंना आशा होती की ही दृष्ट असेल. दृष्ट काढता येते.

मी विचारलं, सुई त्यांना आधीपासूनच ओवता यायची का?

नाही, त्या म्हणाल्या. पन्नाशीत त्यांनाही हात लांब धरावा लागायचा. तीनेक वर्षांपूर्वी एकदम यायला लागली. जाऊबाईंनीच पुढे होऊन वस्तीला सांगितलं होतं, जोर-बैठकांचं फळ मिळालं म्हणून.

तेव्हा मला माझा बाप आठवला. म्हातारपणी तो एकाएकी पोथीतलं बारीक अक्षर उघड्या डोळ्यांनी वाचायला लागला. गावानं नारळ फोडला, म्हातारा तरुण झाला म्हणून. दोन पावसाळ्यांत त्याच्या बाहुल्या दुधासारख्या झाल्या. मोतीबिंदू पिकायच्या आधी जवळचं असं उजळतं आणि लांबचं विझत जातं. हे मला ठाऊक होतं, आणि तरी तीन वर्षं मी त्या नाकाशी धरलेल्या सुईवर जळत बसले होते. माझ्या पुढ्यात एक आजार चालला होता आणि मला तो माझ्या घरात हवा होता.

मी जाऊबाईंना बापाचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शहरात गोरा डॉक्टर मोतीबिंदू काढतो असं ऐकलंय, तेही सांगितलं. मग म्हटलं, "आणखी एक. मी सकाळी सरदाराकडे जाणार आहे. आमच्यांना ती जागा हवी, आणि त्यांना लांबचं दिसतं. मागाहून कळण्यापेक्षा आत्ताच सांगते."

जाऊबाई उठल्या. लुगडं झटकलं.

"वासरावर आदळले ते मीही बघितलं ओट्यावरून," त्या म्हणाल्या. "तुमचा उभा राहून बघायचा थाटही बघितला." आणि नवऱ्याचा हात धरून अंगण ओलांडून गेल्या. भावोजी अंधारात त्यांच्यामागून अगदी सरळ चालत होते.

सकाळी मुद्गल वाजले नाहीत. मी भोंग्याआधी उठले, भाकरी केली, यजमानांना धुतलेलं मुंडासं बांधायला लावलं आणि हजेरीच्या अंगणात गेले. जाऊबाई तिथे आधीच होत्या. त्यांचं बोलून झालं होतं. सरदार त्यांच्याकडे बघत मिशी ओढत होता. मी जवळ गेले तसा तो म्हणाला, ही म्हणते हिच्या नवऱ्याला टेकडी नको. तुझ्या नवऱ्याला दिसतं का?

मी म्हटलं, सुई दिसत नाही, बाकी सगळं दिसतं.

सरदारानं यजमानांना विचारलं, गिरणीच्या छपरावर काय आहे. ते म्हणाले, साळुंक्या, आणि एकीचा पाय मोडका आहे. सरदार डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, जा वर.

भावोजींना त्यानं गिरणीवर पाठवलं, उसाची पिळलेली चिपाडं वाळत घालायला. ते काम पाठीचं आहे, डोळ्यांचं नाही. वीस वर्षांच्या जोर-बैठका तिथे उपयोगी पडणार होत्या. सगळं ठीक झालं होतं. पण जी जागा मी भांडून घ्यायला निघाले होते ती जाऊबाईंनी मला वाढून दिली होती, आणि वस्ती आता वर्षभर त्यांचंच नाव घेणार होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या गिरणीच्या वाटेला लागल्या, नवऱ्याच्या अर्धं पाऊल पुढे.

आम्ही टेकडी चढायला लागलो. शंख, भाकरी, पाण्याची घागर, कुदळ, सगळं माझ्याकडे. यजमान काठी टेकत, थांबत, गुडघा चोळत येत होते. दोन ठिकाणी मी त्यांना पाठीला हात लावून वर ढकललं. वर पोहोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. यजमान खोपट्यासमोरच्या धोंड्यावर बसले, श्वास घेतला आणि लगेच सुरू झाले. खाली तीन नंबरच्या फडात तोडणी लागलीय. समुद्रावर दोन शिडं. आणि तो बघ, गिरणीच्या अंगणात आपला भाऊ, डोक्यावर केवढा भारा, आणि चालतोय कसा, ताठ, पंचविशीतल्यासारखा.

"मला नाही बघायचं," मी म्हटलं, आणि खोपट्यात शिरून कोपऱ्यातली जाळी झाडायला लागले.